सायझिंग खातं, ओळ एकतीस

दिंडोशी,
६ जानेवारी २०२५

शेवंती,

माझ्या दोन हातांनी केलेल्या गोष्टी अशा: सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून एक टीपॉय, तीन पायांचा, कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. आईच्या शिलाई मशीनची मूठ. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता, दोनदा. गणपतीची मखरं सतरा, एकातही थर्माकोल नाही. प्रेसमध्ये एकेक अक्षराचा खिळा उचलून जुळवलेली पानं किती ते मोजलेलं नाही, पण लग्नपत्रिका धरून काही हजार. आणि एक संकेतस्थळ: बेचाळीस पानं, आपल्या मिलच्या दोन हजार एकशे सात कामगारांची नावं, खात्यानुसार, बिल्ला नंबरासकट. यातलं काहीही शिकायला मी कुणाच्या दारात गेलो नाही.

चाळीतल्या भीमराजच्या मुलीच्या लग्नात तू विचारलंस ना, "काय करतोस रे हल्ली?" मी "चाललंय" म्हणालो आणि ताट घेऊन पुढे सरकलो. चाळ सोडल्यावर तू मुलुंडला, मी इकडे, दहा वर्षांनी भेटलो आणि मी 'चाललंय' म्हणालो. उत्तर अर्धवट राहिलं की मला चैन पडत नाही. हे ते उत्तर.

आता कामाचं. घाटकोपरच्या वारस समितीने घरांसाठी अर्ज मागवलेत. ३१ जानेवारी शेवटची तारीख. समितीकडे मिलची हजेरीपुस्तकं नाहीत, म्हणून ते माझं पान उघडतात आणि नाव नि बिल्ला नंबर समोर दिसला तरच अर्जावर टिक करतात. माझी चिठ्ठी, माझा फोन, काही चालत नाही. हा नियम मीच सुचवला, कुणी ओळखीने आत घुसू नये म्हणून. दादूकाकांचं नाव सायझिंग खात्याच्या पानावर अगदी शेवटी आहे, ओळ एकतीस. त्याच पानावर सहाव्या ओळीत माझे बाबा. तू एकुलती एक, अर्ज तुलाच करायचाय. विसरू नकोस.

जाता जाता एक सांगतो, कारण हे सांगायला दुसरं कुणी नाही. डिसेंबरात पानं नव्या सर्व्हरवर हलवली. त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न होता: तुमची पानं लोकांच्या ब्राउझरकडे कोणत्या प्रकारची म्हणून पाठवायची? दोन पर्याय. एक साधं एचटीएमएल, जे बहुतेक सगळे घेतात. त्यात चुका पोटात घातल्या जातात. एखादी खूण, टॅग म्हणतात तिला, उघडून बंद करायची राहिली तरी ब्राउझर सांभाळून घेतो. दुसरा एक्सएचटीएमएल. तिथे माफी नाही. मी २००४ साली फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या पुस्तकातून एक्सएचटीएमएलच शिकलो, त्यातही 'स्ट्रिक्ट'. पानं तपासणी यंत्रातून पास करून घेतली, खाली तसा शिक्का लावला. आणि जुनी कंपनी मला न विचारता इतकी वर्षं ती साधं एचटीएमएल म्हणून पाठवत होती! सोन्याला पितळ म्हणून पाठवल्यासारखं. मी फॉर्मात दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

अर्जाचं बघ.

सहदेव

*

मुलुंड,
११ जानेवारी

सहदेव,

टीपॉय झकास असेल. माझ्या बाबांचं नाव कुठाय?

काल सकाळी गेले घाटकोपरला. कँटीनमधल्या बाईला माझ्या पोळ्या लाटायला बसवून गेले. अपूर्वाला सुट्टी नव्हती. ती अंधेरीच्या कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचा पगार घेते, तिला स्वतःच्या आईसाठी वेळ कुठला. समितीचे प्रबुद्ध साहेब म्हणून आहेत, माणूस बरा आहे. त्यांनी तुझं पान उघडलं आणि बोटाने एकेक ओळ खाली आले. सहाव्या ओळीत खंडूकाका. तिसाव्या ओळीत कोण राऊळ. मग एकतीस हा आकडा. पुढे कोरं. नाव नाही, बिल्ला नाही, काहीच नाही. मी म्हटलं खाली सरकवा. खाली काही नव्हतंच.

"बाई, इथे नाव होतं असं वाटतंय," प्रबुद्ध साहेब म्हणाले, "पण आता नाही. यादी ठेवणाऱ्यांना विचारा."

म्हणून विचारते. दोन हजार एकशे सात नावांतलं एकच नेमकं कसं रे गेलं? आकडा ठेवलास आणि माणूस काढलास. हातांनी केलेल्या गोष्टींच्या यादीत हे पण लिही.

पानाच्या वर एक गुलाबी चौकट होती, इंग्रजीत बारीक काहीतरी. बहुतेक जाहिरात. आता जाहिराती पण घ्यायला लागलास?

वीस दिवस आहेत. हे माझं सातवं भाड्याचं घर, मार्चमध्ये अकरा महिने संपतात.

शेवंती

*

दिंडोशी,
१२ जानेवारी

शेवंती,

तुझं पत्र वाचून मी आधी पाणी प्यायलो. मग परत कॉम्प्युटरसमोर बसलो. मग पान उघडलं. लिहून घे: 'अनुक्रमांक ३१, वारंग दादू सखाराम, बिल्ला ४४१७, सायझिंग खातं.' आत्ता हे लिहिताना ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. अक्षर न अक्षर.

माझ्या पानांवर जाहिरात कधी नव्हती, नाही आणि मी असेतो नसेल. गुलाबी चौकट म्हणजे त्या समितीच्या मशीनमध्ये काहीतरी शिरलंय. लोक कसलीही फुकट खेळणी डाउनलोड करतात आणि मग दुसऱ्याच्या पानाला नावं ठेवतात. प्रबुद्ध साहेबांना सांग, मशीन साफ करून घ्या.

आणि नाव काढलं म्हणतेस? माझ्याकडून जागा मोकळी सुटत नाही, शेवंती. प्रेसमध्ये दोन शब्दांतली फट अर्ध्या खिळ्याने जास्त झाली तर मी जुळवलेला फर्मा परत सोडायचो. एकतीसवर कोरं आहे असं मला सांगणारी तू दुसरी. दोघांनाही एकच उत्तर आहे: कोरं नाही.

परत जा आणि दुसऱ्या मशीनवर बघायला सांग.

सहदेव

*

मुलुंड,
१६ जानेवारी

सहदेव,

गेले परत. दुसऱ्या मशीनवर बघितलं. तिसऱ्यावर पण. मग बाहेर चहावाल्याच्या मोबाईलवर. चौघांच्या मशीनमध्ये एकाच वेळी शिरलंय का रे तुझं ते काहीतरी? प्रबुद्ध साहेबांनी प्रिंट काढून दिली, फोटो मेलसोबत जोडलाय. चष्मा लावून बघ.

दुसरी म्हणालास. पहिला कोण? कुणी सांगितलं तुला माझ्याआधी?

आता जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलते. ब्याऐंशीच्या संपात सातव्या महिन्यात माझे बाबा कामावर गेले. चाळीत कुणी आमच्या दारात उभं राहिलं नाही. खंडूकाकांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही आमच्याशी, आणि तू, बारा वर्षांचा मेला, माझ्याबरोबर शाळेत जायचास तो पुढून जायला लागलास. आई अंथरुणावर होती हे कुणी विचारलं नाही. ठीक आहे. तो हिशोब तुमचा नि आमच्या बाबांचा. पण बाबांनी त्या मिलमध्ये एकवीस वर्षं काढली, ती तुला खोडता येणार नाहीत. संप फोडणारा असेल, पण कामगार होता की नाही? एवढंच सांग.

माझ्या घरासाठी नाही विचारत. बरं, घरासाठी पण विचारते.

शेवंती

*

दिंडोशी,
१८ जानेवारी

शेवंती,

प्रिंट बघितली. तीन वेळा. वरची चौकट काळ्या-पांढऱ्यात नुसता करडा डाग झालीय, अक्षर लागत नाही. पण एकतीस दिसतो आणि पुढचं कोरं दिसतं. आणि माझ्या पडद्यावर, या घटकेला, दादूकाका आहेत. एकच पान, दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं. मला खरंच कळेनासं झालंय.

दोन दिवस मी प्रमाणांच्या मागे लागलोय. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ जाहीर करावी लागते, हे पान अमुक प्रमाणाने लिहिलंय म्हणून. माझी 'स्ट्रिक्ट'. मला वाटलं, नव्या ब्राउझरांना ती झेपत नसेल. म्हणून आधी 'ट्रान्झिशनल' करून बघितलं, म्हणजे अर्धं सोवळं. घरी छान दिसलं. मग एचटीएमएल पाच, जे आता सगळीकडे आहे. तेही छान दिसलं. मग परत स्ट्रिक्ट. छानच. तिन्ही दिसतात तर चुकतंय काय?

वाचत बसलो तर आणखी गोंधळ. एक म्हणतो, एक्सएचटीएमएल मेलं, त्याची पुढची आवृत्ती अर्ध्यात सोडून दिली. दुसरा म्हणतो, मेलेलं नाही, फक्त कुणी वापरत नाही. तिसरा म्हणतो, एचटीएमएलला आता आकडाच उरला नाही, ते रोज बदलतं. रोज बदलतं ते प्रमाण कसलं? गज रोज बदलला तर कापड कुणी मोजायचं? चौथ्याने लिहिलंय की जगातली बहुतेक 'कडक' पानं कधी कडक म्हणून तपासलीच गेली नाहीत, नुसती तशी मिरवत होती. ते वाचून मी खिडकी बंद केली. कॉम्प्युटरवरची.

तुला वाटेल तीनपैकी काहीतरी चढवून मोकळा हो. पण कुठलं प्रमाण हे पक्कं ठरल्याशिवाय सर्व्हरवर अर्धवट काही चढवायचं नाही, हा माझा नियम आहे. आज एक, उद्या दुसरं, असं केलं तर मग कुणाचंच नाव भरवशाचं राहणार नाही.

दादूकाका कामगार होते का? एकवीस वर्षं, बिल्ला ४४१७. मी लिहिलंय ना ते. मी स्वतः लिहिलंय.

पहिला कोण ते सोड. त्याचा याच्याशी संबंध नाही.

सहदेव

*

अंधेरी,
२१ जानेवारी

सहदेवमामा, नमस्कार.

मी अपूर्वा, शेवंतीची मुलगी. भीमराजमामांच्या लग्नघरी तुम्ही मला पंगतीत केळीच्या पानाचं टोक कुठल्या बाजूला हवं ते सांगितलं होतंत, ती मी. आईने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. काल तिच्या पिशवीत प्रिंट सापडली, मग तिने रागारागात तुमची सगळी पत्रं दाखवली. मी ऑफिसमध्ये लंचटाइमला पान उघडलं. प्रकार लक्षात आलाय.

आधी एक विचारते, रागवू नका. तुम्ही घरी पान उघडता तेव्हा वर पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला काय असतं? 'फाइल' असा शब्द आहे का? असेल तर मामा, तुम्ही संकेतस्थळ बघतच नाही आहात. तुमच्या टेबलावरची प्रत बघताय. ती नेटवर जातच नाही, म्हणून तुमच्याकडे सगळं छान.

दुसरं. डोक्यावरच्या त्या ओळीत तुम्ही स्ट्रिक्ट लिहा नाहीतर पाच लिहा, या बाबतीत ब्राउझर तिला विचारत नाही. तो बघतो सर्व्हरने पाकिटावर काय लिहिलंय ते. डिसेंबरपर्यंत पाकिटावर 'साधं एचटीएमएल' होतं, म्हणून आत काहीही असलं तरी सांभाळून घेत होता. फॉर्ममध्ये तुम्ही दुसरा पर्याय निवडलात. आता पाकिटावर 'एक्सएचटीएमएल' आहे, म्हणून तो पहिल्यांदाच, वीस वर्षांत पहिल्यांदा, खरोखर तपासतोय. पहिली चूक लागली की तिथेच थांबतो. चुकीच्या आधीचं दाखवतो, पण चुकीला चिकटलेला मजकूर आणि त्यापुढचं नाही. गुलाबी चौकट जाहिरात नाही. ती चूक कुठे आहे ते सांगतेय.

बाकी एक्केचाळीस पानं मी आत्ता उघडून पाहिली. एकातही चूक नाही. मी हे काम रोज करते, असं हाताने लिहिलेलं मी कुठे पाहिलेलं नाही, खरंच सांगते. चूक एकच आहे. सायझिंग खातं, फाइलमधली ओळ एकशे अठरा. आजोबांच्या नावानंतर लगेच 'डेल'ची बंद करायची खूण आहे. उघडायची नाही.

डेल कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे, मामा. मजकूर खोडलेला दाखवायला.

आईला मी फक्त एवढंच म्हटलंय की सर्व्हरची सेटिंग चुकलीय. पुढचं सांगितलेलं नाही. ते मी सांगू का तुम्ही सांगताय?

अपूर्वा

*

दिंडोशी,
२१ जानेवारी, संध्याकाळ

चि. अपूर्वा,

'फाइल' असंच लिहिलंय. कधी तिथे बुकमार्क करून ठेवला आठवत नाही. किती वर्षं मी माझंच पान मलाच दाखवत होतो, त्याचा हिशोब करवत नाही.

ओळ एकशे अठरा बघितली. आहे.

तू सांगू नकोस. मी सांगतो.

बाकी एक्केचाळीस पानांत चूक नाही हे तू परत एकदा तपासून लिहिशील का? घाई नाही.

सहदेवमामा

*

दिंडोशी,
२३ जानेवारी

शेवंती,

आधी निकाल: काल सकाळी पान दुरुस्त केलं. भीमराजकडे जाऊन त्याच्या मोबाईलवर बघितलं, वाटेत रिक्षावाल्याच्या मोबाईलवर बघितलं, आणि अपूर्वाने ऑफिसात. तिन्ही ठिकाणी दादूकाका आहेत. तू जाऊन टिक करून घे. हे पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

नसशील थांबणार. वाच मग.

तू लिहिलंस, मी खोडलं. मी म्हणालो, माझ्याकडून जागा मोकळी सुटत नाही. दोघंही खरं बोललो नाही आणि दोघंही खोटं बोललो नाही.

बाबा गेले २००९ च्या ऑगस्टमध्ये. दादूकाका आले नाहीत. आले असते तर मी दारात काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही, पण न आल्याचा राग आला. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ताटकळत उभे. कुणीतरी म्हणालं, खंडूचं काय राहिलं असेल बोला, आणि माझ्या मनात एकच आलं, संपातला तो सातवा महिना. घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो आणि सायझिंग खात्याच्या पानावर एकतिसाव्या ओळीतल्या नावावर काट मारली. त्यासाठी दोन खुणा लागतात, एक नावाच्या आधी, एक नंतर. मधलं सगळं खोडलेलं दिसतं. नाव वाचता येतं, पण त्यावरून रेघ. मला तसंच हवं होतं. वाचता यावं आणि रेघ दिसावी.

तेराव्याला बाबांची ट्रंक आवरली. त्यात ती वही निघाली जिच्यावरून मी ही यादी केली. संप फसल्यावर बाबांनी आठवून आठवून लिहिलेली, सायझिंग खात्यापासून सुरू केलेली. मी ती शंभरदा वाचली होती, पण टाइप करायच्या नजरेने. त्या दिवशी नुसती बघितली. बाबांना खाडाखोड करायची सवय होती, पानापानावर काट आहे, नंबर परत परत बदललेत. एकतीसवर नाही. 'वारंग दादू' सरळ एका हाताने लिहिलंय, तोंडाने ज्याचं नाव कधी घेतलं नाही त्याचं. शाई सुद्धा फुटलेली नाही.

मी उठलो आणि काट काढली. घाईत काढली. पुढची खूण काढली, मागची राहिली. साध्या एचटीएमएलमध्ये मालक नसलेल्या त्या मागच्या खुणेकडे ब्राउझर बघतसुद्धा नाही, तो तसाच पुढे जातो. पंधरा वर्षं प्रत्येकाचा ब्राउझर तिच्यावरून पुढे जात राहिला. आणि त्यानंतर मी ते पान तपासणी यंत्रात कधी घातलं नाही. शिक्का होता ना खाली, २००६ चा.

मग डिसेंबरात मीच हट्टाने म्हटलं, मला माफी नको, कडक तपासा. तपासलं.

कामगार होते की नाही असं तू विचारलंस. तेव्हा मी बिल्ला नंबर सांगितला. ते उत्तर नव्हतं. होते. आमच्या बाबांनी लिहून ठेवलंय.

एक ठरायचं राहिलंय. सर्व्हरवर अजून कडकच आहे. काल पान दुरुस्त झाल्यावर बोट त्या पर्यायावर नेलं आणि परत घेतलं. साध्यावर टाकलं तर चुका परत झाकल्या जातील. कडक ठेवलं तर पुढची चूक कुणाच्या तरी नावावर पडेल. काय करावं कळत नाही. तुला कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणून तुलाच विचारतो.

सहदेव

*

मुलुंड,
३० जानेवारी

सहदेव,

काल टिक झाली. प्रबुद्ध साहेबांनी माझ्यासमोर पान उघडलं, मी म्हटलं मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं. मागे लायनीतली माणसं पण ऐकत होती. मग बाहेर येऊन जरा बसले.

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी राग आला आणि मग राग कुठला ते सापडेना.

आता माझं ऐक. मी पहिल्या पत्रात एवढ्या खात्रीने का बोलले तुला माहितेय? कारण ती रेघ मी बघितली होती. बाबांनी पण. खंडूकाका गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मग रोज म्हणायचे, खंडूच्या पोराने कॉम्प्युटरवर सगळ्यांची नावं लिहिलीत म्हणे, मला दाखव. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं. बघितलं तर नावावर रेघ. उठून घरी चालायला लागले. मला तुझा गळा धरावासा वाटला होता, तेव्हा.

पुढच्या आठवड्यात परत म्हणाले, चल. मी म्हटलं, कशाला बाबा परत परत? नाहीच ऐकलं. गेलो तर रेघ नव्हती. कितीतरी वेळ बघत बसले, कॅफेवाला घड्याळ दाखवायला लागला. मग म्हणाले, "खंडूच्या झिलान माका परत लिवल्यान गो." आणि बाहेर आल्यावर मला भज्यांची पुडी घेऊन दिली, मी शाळेतली पोर असल्यासारखी. पाच वर्षांनी गेले. परत कधी ते पान बघायला मागितलं नाही.

हे तुला लग्नात सांगणार होते. तू 'चाललंय' म्हणून ताट घेऊन पळालास.

तुझ्या प्रश्नाचं. मला ते कडक नि सैल काही कळत नाही. मी रोज दीडशे पोळ्या करते. पीठ मळताना मी कुणाचं ऐकत नाही, एक गुठळी चालत नाही मला. पण वाढताना एखादी करपलेली निघाली तर सगळी परात फेकत नाही आणि पोरांना उपाशी पाठवत नाही. तेवढी बाजूला काढते आणि नंतर बघते. तुझं तू बघ.

आणि टाळू नकोस आता. पहिला कोण होता?

अपूर्वा म्हणते मामांना सांग, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परत तपासली, चूक नाही. तिला हसू का येत होतं कुणास ठाऊक.

शेवंती

*

दिंडोशी,
२ फेब्रुवारी

शेवंती,

तुझं पत्र भीमराजकडे बसून वाचलं. त्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

काल पर्याय बदलला. लिहिताना माझं मी कडकच लिहिणार, एकेक खूण बंद करून, आणि दर महिन्याच्या एक तारखेला सगळी पानं तपासणी यंत्रात घालणार. पण लोकांकडे पाठवताना साधं एचटीएमएल. माझ्या चुकीची गुलाबी चौकट मला दिसू दे, रांगेत उभ्या माणसाला नको. तळाचा शिक्का काढून टाकला. जागा जरा बोडकी दिसते. डोक्यावरची ओळ अजून स्ट्रिक्टच आहे. अपूर्वा म्हणते तिला आता काही अर्थ उरला नाही, नेटवर एक म्हणतो आहे, मला अजून समजलेलं नाही, आणि तोवर ती राहील.

बुकमार्क पुसला.

आता पहिला कोण ते. ९ जानेवारीला, तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी, एक माणूस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, स्वतःला सल्लागार म्हणवत होता. म्हणाला, काका, तुमच्या सायझिंग खात्यात एकतीस नंबर रिकामा आहे. मी म्हटलं, नाही. त्याने मोबाईल पुढे केला. मी त्याच्या मोबाईलकडे बघितलंच नाही. त्याला हाताला धरून माझ्या कॉम्प्युटरसमोर आणला आणि दादूकाकांचं नाव दाखवलं. तो हसला. म्हणाला, ते तुमच्या घरात आहे काका, बाहेर नाही. म्हणून मी १२ तारखेला तुला एवढ्या जोरात लिहिलं. माझ्या मनात तेव्हाच कुठेतरी पाल चुकचुकली होती, आणि ती काट मी विसरलेलो नव्हतो. तुला सांगितलं असतं तर ते कोरं आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. तुझे दहा दिवस मी त्यात घालवले.

त्याला ती जागा हवी होती. त्याच्याकडे एक नाव होतं, एक बिल्ला नंबर होता, दोन्ही बनवलेले. मी फक्त एक ओळ टाइप करायची, एकतीसच्या पुढे. मिलच बंद आहे, म्हणाला, कोण विचारतंय.

मी त्याला टीपॉयवरचा चहा संपवू दिला. मग सांगितलं, ती जागा रिकामी नाही, तिथे माणूस बसलाय, आणि दार उघडलं.

जिना उतरताना वळून त्याने आकडा परत एकदा सांगितला, मी ऐकला नसेन म्हणून. पावणेपाच लाख.

सहदेव